लंडनचे आयरिश आणि त्यांच्या चळवळी
१८४५पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने आयर्लंड उपासमारीत लोटले गेले आणि जगलेल्यांपैकी हजारोंनी लंडनची वाट धरली. १८५१च्या जनगणनेत या शहरात आयर्लंडमध्ये जन्मलेले सुमारे १ लाख ८ हजार लोक होते. सेंट जाइल्स, व्हाइटचॅपल, वॉपिंग इथल्या कोंदट चाळवजा घरांत ते दाटीवाटीने राहत आणि ओझी वाहून, खणतीची कामे करून पोट भरत. राजकारण मात्र त्यांना नवे नव्हते. मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचे दोन मोठे नेते, फर्गस ओ'कॉनर आणि ब्रॉन्टेर ओ'ब्रायन, आयरिशच होते. १० एप्रिल १८४८ला केनिंग्टन कॉमनवरच्या चार्टिस्ट सभेला आयरिश जथे हिरवे झेंडे घेऊन गेले.

इंग्रज कामगारांशी जुळलेला हा धागा पुढे तुटला. १३ डिसेंबर १८६७ला आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फिनियन क्रांतिकारकांनी कैदेतल्या सहकाऱ्याला सोडवण्यासाठी क्लार्कनवेल तुरुंगाच्या भिंतीला बंदुकीच्या दारूचे पिंप लावून उडवले. समोरच्या गरीब वस्तीतली घरे कोसळून १२ माणसे मेली. कैदी सुटला नाहीच. लंडनच्या कामगारांना आयर्लंडविषयी वाटू लागलेली सहानुभूती या स्फोटात नष्ट होईल, असे मार्क्सने दुसऱ्याच दिवशी एंगल्सला कळवले. या स्फोटाबद्दल मायकेल बॅरेटला २६ मे १८६८ला फाशी झाली. ब्रिटनमधली ती शेवटची जाहीर फाशी.

तो धागा पुन्हा जुळला तो मुख्यतः पूर्व लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, पोटापाण्याच्या लढ्यांतून. नोव्हेंबर १८८७मध्ये ट्रॅफल्गार चौकात आयर्लंडमधल्या दडपशाहीविरुद्ध आणि बेकारीविरुद्ध एकत्र निदर्शने झाली व पोलिसांनी ती मोडून काढली. त्यात अ‍ॅनी बेझंट या समाजवादी कार्यकर्त्याही होत्या. पुढच्या वर्षी बो इथल्या काडेपेटी कारखान्यात सुमारे १,४०० जणींनी संप केला. त्यांतल्या अनेकजणी आयरिश घरांतल्या होत्या आणि बेझंट यांनी त्यांची बाजू लावून धरली. आयरिश चळवळीतली ‘होमरूल’ ही घोषणा १९१६मध्ये लोकमान्य टिळकांनी आणि याच बेझंटबाईंनी हिंदुस्थानात आपापल्या संघांसाठी घेतली.

१८८९चा गोदी संप या इतिहासाचा सर्वांत भरीव भाग आहे. रोज सकाळी गोदीच्या फाटकाशी माणसांची झुंबड उडे. मुकादम बोट दाखवील त्याला काम, तेही कधी तासा-दोन तासांचे. मजुरी तासाला ५ पेनी. ती ६ पेनी करा, ही मागणी घेऊन १४ ऑगस्टला संप सुरू झाला. संपकऱ्यांत आयरिश कॅथलिक मोठ्या संख्येने होते. त्यांचा भरवसा असलेले ८१ वर्षांचे कार्डिनल मॅनिंग मालक आणि संपकरी यांच्यात मध्यस्थी करायला उभे राहिले. ऑस्ट्रेलियातून सुमारे ३० हजार पौंडांची मदत आली. पाच आठवड्यांच्या आत मागणी मान्य झाली. अकुशल मजुरांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या या विजयाच्या बळावर.

आयरिश स्वातंत्र्यलढ्यातले कैदी, कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी २५ ऑक्टोबर १९२०ला ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर वारले, तेव्हा अंत्यदर्शनाला साउथवर्कच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये लंडनचे आयरिश हजारोंनी लोटले.

ईस्ट एंडमधल्या शेजारी ज्यूंशीही आयरिशांचे नाते जुळले होते. १९१२च्या गोदी संपात ज्यू शिंप्यांच्या कुटुंबांनी गोदी कामगारांची तीनशेहून अधिक मुले आपल्या घरी सांभाळली होती. ४ ऑक्टोबर १९३६ला ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता मोझली याचे अनुयायी ज्यू वस्तीतून मोर्चा काढायला निघाले, तेव्हा आयरिश गोदी कामगार केबल स्ट्रीटवर आडवे आले. रस्त्यातले दगड उपटून अडथळे रचले गेले. ईस्ट एंडमधले सगळेच आयरिश मोझलीविरोधी नव्हते; म्हणूनच जे उभे राहिले त्यांचे मोल अधिक.

१९३८मध्ये स्थापन झालेल्या कॉनोली असोसिएशन या आयरिश संघटनेने ही डावी परंपरा पुढे नेली आणि साठच्या दशकात उत्तर आयर्लंडमधल्या नागरी हक्कांचा प्रश्न ब्रिटिश कामगार संघटनांपुढे मांडला. आयरिश सशस्त्र गटाच्या बॉम्बस्फोटांनंतर १९७४मध्ये आलेल्या दहशतवादविरोधी कायद्याने संशयितांना सात दिवस डांबून ठेवण्याची मुभा पोलिसांना दिली, आणि साध्या आयरिश कुटुंबांनाही सभेला जाण्याची धास्ती वाटू लागली. तरीही ऐंशीच्या दशकात केन लिव्हिंगस्टन यांच्या ग्रेटर लंडन कौन्सिलच्या मदतीने आयरिश संस्था उभ्या राहिल्या. गिल्डफर्ड स्फोटांच्या खटल्यात नाहक शिक्षा झालेल्या चौघांसाठी सतत मोहीम चालली. ते १९८९मध्ये सुटले.