पिसाळरोग (अलर्क, रेबीज)

ऱ्हॅब्डो कुळातील विषाणूमुळे सस्तन प्राण्यांना होणारा प्राणघातक मेंदूदाह. चाव्यातील लाळेवाटे शिरलेला विषाणू चेतातंतूंमधून मेंदूकडे सरकतो. त्याच्या कवचावरील प्रथिन ॲसिटिलकोलीन या चेतासंदेशवाहक रसायनाच्या ग्राहींना (ते स्वीकारणाऱ्या पेशींवरील प्रथिनांना) चिकटते. बाधित उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिन हे दुसरे संदेशवाहक रसायन आपल्या ग्राहींना कमी जोडले जाते, असेही आढळले आहे. विशेष हे, की चेतापेशी बहुधा फारशा मरत नाहीत. बिघडतो तो त्यांचा आपसातला संवाद. म्हणूनच मायाळू कुत्रा धन्यालाच चावतो.

कुत्र्याबाबत लोक सावध असतात, पण परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातल्या गोठ्यांत धोका गुराढोरांकडूनही असतो, कारण तिथे संशयच येत नाही. बाधित गाय किंवा म्हैस घोगऱ्या आवाजात सारखी हंबरते, दावणीला धडका देते. पाण्याला तोंड लावते, पण घोट उतरत नाही. लाळेच्या तारा लोंबतात. घशात काही अडकले असे वाटून मालक तोंडात हात घालतो, आणि तिथेच घात होतो. लक्षणे दिसल्यावर जनावर वाचत नाही. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका; लाळ लागलेली जखम साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.