भाड्याच्या रंगमंचापासून मालकीच्या वास्तूपर्यंत : बार्बरा ॲन टीअर

रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपण संहिता, नट, दिग्दर्शक यांच्याविषयी भरभरून लिहितो; नाटक ज्या छपराखाली होते ते छप्पर कोणाचे, हे क्वचितच विचारतो. बार्बरा ॲन टीअर यांनी आयुष्यभर हाच प्रश्न लावून धरला.

१९३७ साली इलिनॉय राज्यातील ईस्ट सेंट लुईस येथे जन्मलेल्या टीअर मूळच्या नर्तकी. १९६१ मध्ये ‘क्वामिना’ या संगीतिकेतून त्या ब्रॉडवेवर आल्या. पुढे अभिनयासाठी पुरस्कारही मिळाला. पण कृष्णवर्णीय स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या ठरावीक साच्याच्या भूमिकांना त्या लवकरच विटल्या.

रॉबर्ट हुक्स यांच्यासोबत त्यांनी तरुण नटांची एक कार्यशाळा चालवली होती. तिच्यातूनच १९६७ मध्ये ‘निग्रो एन्सेंबल कंपनी’ उभी राहिली. तिला फोर्ड फाउंडेशनचे अनुदान मिळाले, नाट्यगृह मात्र मॅनहॅटनच्या दक्षिण भागातले, कृष्णवर्णीयांच्या वस्तीपासून दूर. त्या कंपनीने मोलाची नाटके केली, हे नाकारण्याचे कारण नाही. टीअर मात्र १९६८ मध्ये हार्लेमला गेल्या आणि ‘नॅशनल ब्लॅक थिएटर’ स्थापन केले.

तिथे नटांना ‘मुक्तिदाते’ म्हणत, प्रयोगाला ‘विधी’. प्रेक्षकाने नुसते बसून पाहायचे नाही, सहभागी व्हायचे. नायजेरियातील योरुबा परंपरेतून टीअर यांनी पुष्कळ घेतले. या परिभाषेचा आज थोडा भार वाटतो, हेही खरे.

त्यांची खरी कसोटी लागली १९८३ मध्ये. थिएटर ज्या भाड्याच्या इमारतीत होते, तिला आग लागली. अशा वेळी मंडळी बहुधा मोडते. टीअर यांनी तीच जळकी इमारत विकत घेतली : १२५वा रस्ता आणि फिफ्थ ॲव्हेन्यूचा कोपरा, सुमारे ६४,००० चौरस फूट. नायजेरियातील ओशोग्बोच्या कारागिरांनी ती सजवली. काही जागा दुकानांना भाड्याने द्यायची आणि त्या उत्पन्नावर नाटक चालवायचे, असा बेत होता. कालपर्यंतची भाडेकरू मंडळी आता घरमालक झाली. माझ्या मते त्यांच्या कोणत्याही प्रयोगाहून हा व्यवहार अधिक धाडसी होता.

२००८ मध्ये टीअर वारल्या. ती इमारतही पुढे पाडली गेली. त्याच जागी उंच इमारत उभारून तिच्यात थिएटरला जागा ठेवण्याचे काम हाती घेण्यात आले. संस्थेची धुरा त्यांची कन्या साडे लिथकॉट यांच्याकडे आली.