इंजिन चालू न होणे (मोटारगाडी) : कारणांचा शोध

किल्ली फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर मोटारगाडीचे इंजिन चालू झाले नाही, तर बिघाड नेमका कोठे आहे हे क्रमाने तपासून ठरवण्याची पद्धत. बिघाड असंख्य असू शकतात, पण इंजिनाच्या गरजा मोजक्याच आहेत. आधी ते बाहेरच्या जोराने फिरवावे लागते. मग त्याला हवा, इंधन, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब आणि पेट्रोल इंजिनात योग्य क्षणी ठिणगी मिळावी लागते. यांपैकी काय मिळत नाही, एवढेच शोधायचे असते.

पूर्वपीठिका : सुरुवातीच्या गाड्यांचे इंजिन पुढून हँडल घालून फिरवावे लागे. हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचा धोका असे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि हे कष्ट हळूहळू संपले. महाराष्ट्रात या स्टार्टरला ‘सेल्फ’ म्हणतात. गॅरेजमध्ये येणाऱ्या तक्रारी दोनच प्रकारच्या असतात : ‘सेल्फच लागत नाही’ आणि ‘सेल्फ लागतो, पण गाडी पकडत नाही’. शोधाच्या दोन वाटा याच. म्हणून गाडीला हात लावण्यापूर्वी मालकाला हे नीट विचारावे.

सेल्फ लागत नसल्यास : अशा वेळी बॅटरी, तिची टर्मिनल, अर्थिंगची वायर, फ्यूज, रिले, सॉलेनॉइड आणि स्टार्टर मोटार यांत आधी दोष शोधावा. हेडलाइट लावून किल्ली फिरवली की बरेच कळते. दिवे विझत आले आणि नुसता टक-टक आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलला पकड नाही. दिवे तसेच प्रखर राहिले, तर स्टार्टरपर्यंत वीज पोहोचत नाही. इग्निशन स्विच, रिले, क्लचजवळचा स्विच किंवा सॉलेनॉइड तपासावा. ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तरीही सेल्फ लागत नाही. बॅटरी चांगली असून दिवे एकदम मंद झाले आणि इंजिन जागचे हलले नाही, तर स्टार्टर किंवा इंजिन अडकलेले असू शकते.

पूर्ण चार्ज झालेली, काही वेळ न वापरलेली १२ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. मात्र आकडा चांगला असूनही सेल्फ न लागणे ही नेहमीची फसगत आहे. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचलेली असते, क्लॅम्प वरून घट्ट दिसतो आणि आतून वीज अडवतो. त्यासाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी तिच्यावरच्या क्लॅम्पवर टेकवावी आणि दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगावी. मीटरने जवळजवळ शून्य दाखवले पाहिजे. एक-दीड व्होल्ट दिसला, तर तेवढा दाब त्या जोडातच वाया जात आहे. गरम पाणी, तारेचा ब्रश आणि पाना एवढ्यावर ही दुरुस्ती होते. ही चाचणी न करता नवी बॅटरी गळ्यात मारणे हा गाडीमालकावर अन्याय आहे.

सेल्फ लागूनही गाडी पकडत नसल्यास : आधी कान द्यावा. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि वेगाने फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी आणि पुन्हा सेल्फ मारू नये. काही इंजिनांत दट्ट्या चुकीच्या वेळी उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. आवाज नेहमीचा असेल, तर इंधन पाहावे. इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत किल्ली ‘ऑन’ करताच मागच्या सीटखालून पंपाची एक-दोन सेकंद घूं ऐकू येते. ती आली नाही, तर टाकीत पेट्रोल आहे ना हे पाहून पंपाचा फ्यूज आणि रिले तपासावा. पंप चालतो पण ठिणगी नाही, असे असेल तर प्लग, कॉइल आणि क्रँक सेन्सर पाहावा. ठिणगीमागे हजारो व्होल्ट असतात. वायर हातात धरून ती पाहू नये. प्लग काढल्यावर पेट्रोलने ओला निघाला, तर इंधन पोहोचते आहे पण जळत नाही, असा अर्थ होतो.

किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल किंवा गाडी क्षणभर चालू होऊन बंद पडत असेल, तर इमोबिलायझर किल्ली ओळखत नसावा. दुसरी किल्ली लावून पाहावी. डिझेल गाडीत ठिणगी नसते. तेथे ग्लो प्लग, फिल्टरमध्ये साचलेले पाणी आणि इंधनाच्या नळीत शिरलेली हवा ही नेहमीची कारणे. अलीकडच्या गाड्यांत डॅशबोर्डखालच्या १६ पिनच्या सॉकेटला स्कॅनर जोडता येतो. तो दाखवतो तो कोड मात्र निकाल नव्हे, दिशा आहे. क्रँक सेन्सरचा कोड सेन्सर बिघडल्यामुळे येतो, तसाच उंदराने त्याची वायर कुरतडल्यामुळेही येतो.

पाण्यात बंद पडलेली गाडी : २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाडीला सेल्फ मारणे हीच मोठी चूक असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्यावी, एअर फिल्टर आणि ऑइल पाहावे, प्लग काढून पाणी बाहेर घालवावे आणि मगच पुढचा विचार करावा.

दक्षता : सेल्फ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना आधी दोन्ही पॉझिटिव्ह टोके जोडावीत. निगेटिव्ह वायरचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. धक्का मारून चालू करण्याचा उपाय ऑटोमॅटिक गाडीला लागू नाही. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर इंजेक्शनच्या गाडीलाही त्याचा उपयोग होत नाही, कारण पंपाला आणि कंट्रोल युनिटला वीज लागते.

इंजिन चालू झाले म्हणजे काम संपले असे नाही. ते चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३ च्या आत आकडा राहिला, तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट तपासल्याशिवाय गाडी मालकाच्या हाती देऊ नये. तीच गाडी पुन्हा रस्त्यात बंद पडेल.