अंगठी, जादूची

अंगठी, जादूची : बोटात घातल्याने गुण येतो किंवा पीडा टळते असे मानले जाते ती अंगठी. कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांतली अंगठी घालणाऱ्याला अदृश्य करते, आगीतून वाचवते. श्रीपूर (ता. माळशिरस, जि. सोलापूर) या साखर कारखान्याच्या गावात आणि एकूणच महाराष्ट्रात तिच्याकडून एवढी अपेक्षा नसते, साडेसाती सुसह्य झाली तरी पुरे.

प्रकार दोन. पहिला रत्नाचा : सूर्याला माणिक, चंद्राला मोती, मंगळाला पोवळे, बुधाला पाचू, गुरूला पुष्कराज, शुक्राला हिरा, शनीला नीलम, राहूला गोमेद, केतूला लसण्या. पुष्कराज तर्जनीत, नीलम मधल्या बोटात. खडा ‘सव्वापाच रत्ती’ असा सव्वाच्या हिशेबात सांगतात. रत्ती म्हणजे आपली गुंज; ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. नीलमाला मात्र सगळेच वचकून असतात. तो लाभला नाही तर उलटतो म्हणतात, म्हणून घालण्याआधी काही रात्री उशाखाली ठेवून स्वप्ने कशी पडतात ते पाहायचे.

दुसरा प्रकार गरिबाचा : घोड्याच्या नालेची लोखंडी अंगठी. नाल काळ्या घोड्याची हवी, झिजून आपोआप गळालेली असेल तर उत्तम. अकलूजचा घोडेबाजार श्रीपूरच्याच तालुक्यातला. तरी बाजारात ‘नालेची’ म्हणून मिळणाऱ्या एवढ्या अंगठ्यांना पुरतील इतके काळे घोडे कुठून आले, हे कोणी विचारत नाही.

आपल्या जुन्या कथांतली अंगठी शक्ती देत नाही, खूण पटवते. रामाची मुद्रिका पाहून सीतेचा हनुमंतावर विश्वास बसतो. कालिदासाच्या शाकुंतलात दुर्वासाचा शाप अंगठी दिसताच फिटतो. ती पाण्यात पडते, माशाच्या पोटात जाते आणि कोळ्याच्या हाती लागते. महाभारतातल्या मूळ कथेत अंगठी नाहीच. अदृश्य करणारी अंगठी ग्रीकांची : प्लेटोने सांगितलेली गायजीझ या मेंढपाळाची. टोल्किनच्या ‘द हॉबिट’मध्येही (१९३७) अशीच एक आहे, आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळातही अशी अंगठी आहे. त्या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत काही जादुई वस्तूंशी आधी जुळवून घ्यावे लागते, आणि अशा वस्तू एका वेळी तीनच चालतात. आपल्याकडे दहाही बोटे भरली तरी हरकत नसते. शापित अंगठी तिकडेही असते, पण तिचे नियम निदान पुस्तकात छापलेले असतात. नीलमाचे ज्याच्या त्याच्या तोंडी.

ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. ग्रहपीडा हा रोग नव्हे, त्यामुळे खड्यांचा व्यापार बराचसा या व्याख्येबाहेरच राहतो.

या सगळ्यांत स्वस्त अंगठी दर्भाची. तिला पवित्रक म्हणतात. धार्मिक विधीच्या वेळी ती अनामिकेत घालतात आणि विधी आटोपला की गाठ सोडून टाकून देतात.