रक्ताचा अहवाल आणि घराण्याचा इतिहास : मुधोळ परिसराच्या संदर्भात सिकलसेल

प्रस्तावना

महाविद्यालयीन वयातील एखाद्या मुलाचे सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळसर दिसतात, थकव्यामुळे हजेरी कमी होते. रक्त तपासले की हिमोग्लोबिन कमी निघते. घरात काळजी सुरू होते. कोणी कावीळ म्हणतो, कोणी संधिवात म्हणतो. केवळ हिमोग्लोबिन कमी असेल तर बहुधा लोहाची कमतरता हेच कारण असते. परंतु गोदावरीच्या उत्तरेकडील पट्ट्यात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. या रोगाचा शोध आणि मुधोळचा राजकीय इतिहास एकत्र पाहिल्यास अहवाल कसा वाचावा, हे उलगडते.

शोधाचा इतिहास

१९०४ साली ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यक शिकण्यास आलेला २० वर्षांचा वॉल्टर क्लेमेंट नोएल खोकला, ताप व अशक्तपणामुळे रुग्णालयात दाखल झाला. डॉ. अर्नेस्ट आयरन्स यांना त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लांबट पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. मधल्या काळात नोएलच्या वेदनांना स्नायूंचा संधिवात आणि इतर त्रासाला पित्तविकार म्हटले गेले होते. पेशी डोळ्यांसमोर होत्या, लक्षणेही होती. दोहोंचा संबंध मात्र जुळला नव्हता. १९१६ मध्ये नोएलचा मृत्यू झाला.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. भारतात १९५२ मध्ये लेहमान व कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींमध्ये हा गुण आढळला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारताविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे विदर्भातील आदिवासी व अनुसूचित जातींत, तसेच आदिलाबादच्या गोंड व कोलाम समाजांतही हा गुण दिसून आला.

सीमा आणि सोयरीक

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा हा भाग आदिलाबादला जोडला गेला. त्याच वेळी आदिलाबादचे किनवट नांदेडकडे आणि राजुरा मुंबई राज्याकडे आले. २०१६ मध्ये मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले. कागदावरची रेषा बदलली, सोयरीक मात्र बदलली नाही. आजोळ किनवटला, आत्या धर्माबादला, शिक्षण मुधोळला, अशी घरे येथे पुष्कळ आहेत. त्यामुळे मामेभावाची तपासणी एका राज्यात झालेली असते आणि त्याच दुखण्याने बेजार झालेला भाचा दुसऱ्या राज्यात औषधे बदलत राहतो.

अहवाल वाचताना

सोल्युबिलिटी चाचणी वाहक व रुग्ण या दोघांचीही सकारात्मक येते. तेवढ्यावरून कोणासही रुग्ण ठरविणे चूक होय. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने फरक कळतो. वाहकात नेहमीचे हिमोग्लोबिन अधिक व सिकल हिमोग्लोबिन कमी असते. रुग्णात बहुतांशी सिकल हिमोग्लोबिनच असते. नुकतेच रक्त चढविले असेल तर निष्कर्ष फसवा ठरू शकतो. जंतुसंसर्गात वाढणारा ईएसआर या रुग्णांत कमीच राहू शकतो, कारण विळ्यासारख्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत. म्हणून एखादा आकडा ‘नॉर्मल’ आला की निर्धास्त होता येत नाही. छातीत दुखणे, धाप, तीव्र ताप किंवा अचानक अशक्तपणा आल्यास तातडीने रुग्णालयच गाठावे लागते.

भारतीय रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण पुष्कळदा जास्त असते. त्यामुळे काहींचा रोग सौम्य राहतो आणि निदान तरुणपणी होते. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातही याच प्रकारचे जनुक आढळते. तेथे २००४ पासून विवाहापूर्वी तपासणी सक्तीची आहे. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः मात्र सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. हा भेद न समजल्यास मुलीचे लग्न मोडते, आणि त्या भीतीने पुढची घरे तपासणीच टाळतात.

निष्कर्ष

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात १७ राज्ये असून महाराष्ट्र व तेलंगणा ही दोन्ही त्यात आहेत. सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. सीमाभागात या कामाला शिक्षकाची जोड आवश्यक आहे. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु वारंवार गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याला आळशी न ठरविता, दुखणे कधीपासून आहे, आजोळी कोणास असाच त्रास आहे काय, हे एकांतात विचारणे आणि ती माहिती अहवालासोबत डॉक्टरांपर्यंत नेण्यास सांगणे त्याला सहज शक्य आहे. नोएलच्या बाबतीत सुटलेला दुवा तोच होता. मुधोळमध्ये तो बहुधा नदीपलीकडच्या नातेवाइकांच्या घरी सापडेल.