तानितचं माहेर

तानित ही कार्थेजची, म्हणजे आजच्या ट्युनिशियातली देवी. तिचं मूळ उत्तर आफ्रिकेतच असावं, असं बरेच अभ्यासक मानत. कार्थेजमध्ये तिच्या नावाच्या हजारो नवसाच्या शिळा मिळाल्या. फिनिशियात, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर, मात्र तिचा फारसा मागमूस नव्हता.

मग सिदोन आणि टायरच्या मधल्या सारेप्ता या कुंभारांच्या गावात जेम्स प्रिचर्ड यांनी १९६९ पासून उत्खनन केलं. तिथं एक लहानसं देऊळ निघालं. भिंतींना लागून ओटे, नैवेद्याची जागा आणि तळहातात सहज मावेल अशी हस्तिदंती पट्टी. शिल्लेम नावाच्या भक्तानं तानित-अष्टार्त या जोडनावाच्या देवीसाठी मूर्ती घडवली, एवढंच त्या चार ओळींत कोरलेलं आहे. मूर्ती गेली, पट्टी राहिली, आणि तिनं तानितचं माहेर दाखवलं. कार्थेज वसवणारे टायरचे लोक. देवीही त्याच किनाऱ्याची निघाली.

पण थोरपण तिला मिळालं ते कार्थेजमध्येच. इसवी सनपूर्व पाचव्या शतकापासून शिळांवर आधी तिचं नाव येतं, मग बाल हम्मोन या देवाचं. ‘बालचं मुख’ हे तिचं बिरुद. पुढं नवस फेडणाऱ्याचं आणि त्याच्या बापाचं नाव, आणि देवानं हाक ऐकल्याचा उल्लेख. या शिळांखालच्या मडक्यांत तान्ह्या बाळांची आणि कोकरांची जळकी हाडं आहेत. तो बळी होता की अकाली गेलेल्या लेकरांचं दफन, हा वाद अजून मिटलेला नाही. शिळांवर नवसाचा मजकूर इतका स्पष्ट असताना ती जागा नुसती दफनभूमी होती, हे मला पटत नाही.

तिची खूण मात्र घराघरांत होती. खाली त्रिकोण, त्यावर आडवी रेघ, वर वर्तुळ; हात पसरून उभी असलेली बाईच वाटते. ट्युनिशियातल्याच केर्कुआन गावात एका घराच्या लालसर जमिनीत पांढऱ्या खड्यांनी ती खूण जडवलेली आहे, आत येणाऱ्याच्या पावलांशी.

इसवी सनपूर्व १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज उद्ध्वस्त केलं, पण देवीला टाकलं नाही. केलेस्तिस, म्हणजे आकाशदेवी, या नावानं ते तिला पुजू लागले. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात सम्राट एलागाबालुसनं तिची मूर्ती कार्थेजहून रोमला नेली आणि आपल्या कुलदैवताशी तिचं लग्न लावलं. तो देव सीरियातल्या एमेसाचा, म्हणजे आजच्या होम्सचा.