आयुर्वेद म्हणजे काय? घरगुती उपायांपलीकडची ओळख

सकाळी गरम पाण्यातून मध, वजन उतरवायला अमुक काढा, केसांसाठी तमुक तेल. मोबाईलवर आयुर्वेदाच्या नावाने येणारा मजकूर बहुतेक असाच असतो: एक उपाय, सगळ्यांसाठी. आयुर्वेदाची मूळ रीत मात्र याच्या उलट आहे. तिथे आधी माणूस पाहतात आणि मग औषध ठरवतात.

नाव आणि ग्रंथ

आयुर्वेद म्हणजे आयुष्याचे ज्ञान. चरकसंहिता, सुश्रुतसंहिता आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय हे त्याचे प्रमुख ग्रंथ. चरकाचा भर पोटातून दिल्या जाणाऱ्या औषधांवर आणि पथ्यावर, तर सुश्रुताचा शस्त्रक्रियेवर. कापलेले नाक पुन्हा घडवण्याची पद्धत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. बालरोग, विषबाधा, डोळे-कान-नाकाचे विकार धरून या शास्त्राची एकूण आठ अंगे मानली जातात.

आरोग्य कशाला म्हणायचे?

नुसता आजार नसणे आयुर्वेदाला पुरेसे वाटत नाही. त्याच्या मते पुढच्या गोष्टी ठीक असतील तरच माणूस निरोगी:

- दोष: वात, पित्त आणि कफ यांचा समतोल
- अग्नी: भूक आणि पचन व्यवस्थित असणे
- धातू: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र यांचे नीट पोषण
- मल: मल, मूत्र आणि घाम यांचे वेळेवर विसर्जन
- मन: इंद्रिये आणि मन प्रसन्न असणे

म्हणूनच वैद्य झोप, भूक, पोट साफ होणे, कामाचे स्वरूप, वय, राहण्याचे ठिकाण असे बरेच काही विचारतात.

दह्याचे उदाहरण

दही पौष्टिक आहे, पण ते पचायला जड. आयुर्वेद ते रात्री खाऊ नये असे सांगतो. त्याच दह्याचे ताक केले की ते हलके होते आणि पचनाला मदत करते. दुपारची झोपही एरवी टाळायची, पण उन्हाळ्यात चालते. पदार्थ, ऋतू, वेळ आणि माणूस बदलला की सल्लाही बदलतो.

आता सुरुवातीचा मध पाहा. मध गरम करू नये, गरम पदार्थाबरोबर घेऊ नये, असे हेच ग्रंथ बजावतात! फॉरवर्ड होणारा प्रत्येक ‘आयुर्वेदिक’ उपाय आयुर्वेदातला असतोच असे नाही.

सावध कुठे राहायचे?

वात-पित्त-कफ प्रयोगशाळेत मोजता येत नाहीत, आणि अनेक औषधांच्या पुरेशा मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

त्यामुळे एवढे पाळा:

- मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांची चालू औषधे स्वतःहून बंद करू नका.
- दोन्ही उपचार घेत असाल तर दोन्ही डॉक्टरांना सांगा.
- भस्म किंवा धातूयुक्त औषध सल्ल्याशिवाय घेऊ नका. गर्भवती आणि लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको.
- वैद्य नोंदणीकृत आहेत का ते पाहा. बीएएमएस ही पदवी साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप करून मिळते.
- छातीत दुखणे, दम लागणे, अचानक तोंड वाकडे होणे अशा वेळी काढ्याच्या मागे न लागता थेट रुग्णालय गाठा.

मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. असा व्हिडिओ दिसला तर तो पुढे पाठवू नका.

वेळेवर जेवण, पुरेशी झोप, ऋतूप्रमाणे आहार आणि अंगाला झेपेल एवढा व्यायाम. आयुर्वेदाची सुरुवात इथून होते, आणि त्यासाठी कुठलीही बाटली विकत घ्यावी लागत नाही.